सत्कार माघारी

आमच्या पेडगावात मयत झाली तर खांदा द्यायला माणसं शोधावी लागतात, पण सत्कार म्हटला की बघता बघता मंडप उभा राहतो. शाल, नारळ, फेटा, हार हे सामान तात्यारावांच्या गाडीच्या डिकीत कायम भरलेलं असतं. कोणाचा पोरगा पोलीस भरतीत पळाला, घाल शाल. कोणाच्या म्हशीने प्रदर्शनात नंबर काढला, घाल मालकाला शाल. ज्याचा सत्कार आहे त्याने नेमकं काय केलं, हे कोणी विचारत नाही. सत्कार करणाऱ्याचा फोटो नीट आला की काम झालं.

तात्याराव म्हणजे आमच्या गावचे पुढारी. फ्लेक्सवर त्यांच्या नावाखाली 'भावी जिल्हा परिषद सदस्य' असं छापलेलं असतं. ते भावी असतानाच त्यांच्या पोरांची लग्नं झाली, भावी असतानाच केस पिकले. आता ते केस काळे करतात आणि पुन्हा भावी होतात.

या माणसाने माझ्या नातीचं परदेशातलं शिक्षण जवळजवळ बुडवलं होतं. तेही शाल घालून.

नातीचं नाव रेणुका. माझ्या मुलाची, बुद्धभूषणची, ती थोरली. भूषण परभणीला एका कॉलेजात शिपाई आहे. रेणुका कृषी विद्यापीठात माती शिकली. कोणती माती पाणी धरते, कोणती सोडते, कोणत्या मातीत खार चढतो, हे तिचं शिक्षण. पुढचं शिकायला तिने हॉलंडच्या एका विद्यापीठात अर्ज केला आणि त्यांनी तिला प्रवेश दिला. शेजारची कडूबाई म्हणाली, "सरजामाय, माती शिकायला एवढ्या लांब? पेडगावात माती कमी पडली का?"

मी म्हणाले, "इथली माती खाणारेच लय झालेत. तिला जरा दुसरी बघू दे."

प्रवेश मिळाला म्हणजे दार उघडलं, पण आत जायचं तर तिथली फी भरायला हवी. ती आमच्या तीन पिढ्यांची कमाई एकत्र केली तरी भरली नसती. म्हणून रेणुका शिष्यवृत्ती शोधायला लागली. मला वाटायचं, हुशार लेकरू आहे, कोणीतरी बोलावून देईल. तसं नसतं. शिष्यवृत्ती ही हरवलेल्या शेळीसारखी हुडकावी लागते, आणि सापडली तरी ती दुसऱ्याच्या दावणीला बांधलेली निघते.

आधी तिचा बाप तिला परभणीत एका कन्सल्टन्सीत घेऊन गेला. काचेचं दार, भिंतीवर परदेशातल्या इमारतींची चित्रं, आणि पंख्याखाली टाय लावलेला एक पोरगा. तो म्हणाला, शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळवून देतो, आधी आमची फी भरा. रेणुकाने विचारलं, "सर, तुम्ही कोणत्या देशात शिकलात?" तो स्वतः नांदेडच्या पुढे गेलेला नव्हता.

मग ती घरीच बसून शोधायला लागली. घरात रेंज येत नाही म्हणून वर माळवदाच्या छतावर, डोक्यावर ओढणी घेऊन. एक शिष्यवृत्ती फक्त नोकरीचा अनुभव असणाऱ्यांना होती. एक अशा देशांना होती ज्यांत आपला देश नव्हता. एकीला 'नेतृत्वगुण' पाहिजे होते. रेणुका खाली येऊन मला म्हणाली, "आजी, मी कधी नेतृत्व केलंय का?"

"शेळ्या वळल्यात की."

ती हसली आणि तिने ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. तात्यारावांचं त्यांच्या घरात कोणी ऐकत नाही, हिच्या मागे सगळ्या शेळ्या यायच्या.

एका ठिकाणी तर तुमच्या गरिबीवर निबंध लिहा असं होतं, पण पाचशे शब्दांच्या वर जायचं नाही. म्हणजे रडा, पण आटपा. मी तिला म्हणाले, त्यांना तुझी माती बघायची नाही, डोळ्यातलं पाणी बघायचंय. नको लिहू. तरी तिने लिहिलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं आहे. अक्कल असते, पण ती वापरायची सोय नसते.

सरकारी शिष्यवृत्तीलाही तिचा अर्ज होता. जागा मोजक्या आणि मागणारे सगळ्या महाराष्ट्रातले. यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. दोन दिवस ती माळवदावर चढली नाही.

शेवटी एकच दार उरलं. पुण्यात एक जुनी संस्था आहे. ज्या मुलांना दुसरीकडून काहीच मिळालेलं नाही अशांनाच ती परदेशी शिकायला मदत करते. त्यांच्या पहिल्या चाळणीतून रेणुका पास झाली. आता फक्त मुलाखत राहिली होती. ती मिळाली तर हॉलंड, नाही तर प्रवेश रद्द.

आणि याच वेळी माझ्या मुलाचं तोंड सुटलं.

भूषण माणूस सज्जन आहे, पण आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी देऊन त्याला वाटतं की कोणीतरी आपल्याला खुर्ची द्यावी. स्टँडजवळच्या हॉटेलात त्याने सांगितलं, पोरीला हॉलंडला प्रवेश मिळाला. ऐकणाऱ्याने पुढे सांगितलं, हॉलंडला चालली. त्याच्या पुढच्याने हिशोब केला, वस्तीतली पोरगी हॉलंडला चालली म्हणजे शिष्यवृत्तीच मिळाली असणार. ही बातमी तात्यारावांकडे पोहोचली तेव्हा त्यांनी त्यात शेवटची भर घातली, ती म्हणजे ते स्वतः.

सकाळी मी शेळ्या सोडायला निघाले तर फाट्यावर फ्लेक्स. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, त्यामुळे मी वाचते ती सावकाश आणि शेवटपर्यंत. वर मोठ्या अक्षरात: 'पेडगावची कन्या रेणुका हिला परदेशी शिक्षणासाठी शासनाची शिष्यवृत्ती. तात्यारावांच्या पाठपुराव्याला यश.' मधे तात्यारावांचा हात जोडलेला फोटो. चहूबाजूंनी त्यांच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. आणि खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढी, माझी नात.

मी घरी येऊन भूषणला विचारलं, "कोणती शिष्यवृत्ती मिळाली रे?"

"माय, मी तसं बोललोच न्हाई. त्यायनीच लावलं."

"मग जाऊन काढायला लाव."

त्याने चप्पल घातली, पुन्हा काढली. मग म्हणाला, "सांजच्याला सत्कार ठेवलाय म्हणं. माय, आजवर आपल्या वस्तीत कोणाच्या दारात तात्यारावची गाडी आलती का?"

"आलती की. दर निवडणुकीला येती."

"तशी न्हाई. इज्जतीनं."

रेणुका म्हणाली, "आप्पा, हे खोटं हाय. मला अजून काहीच मिळालेलं न्हाई."

"मिळंल की पोरी. तू हुशार हायस. आज न्हाई तर उद्या मिळंल. जरा आधी सत्कार झाला म्हणून काय बिघडतंय?"

हेच ते. पीक यायच्या आधी खळं करायची आमच्या लोकांना हौस. आणि बापाचं ते तोंड बघून पोरगी गप बसली. गप तर मीही बसले.

संध्याकाळी समाजमंदिरासमोर सत्कार झाला. भूषणला फेटा, रेणुकाला शाल, मला तात्यारावांचा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ. त्यात काट्यांच्या मागे त्यांचा चेहरा होता, म्हणजे वेळ बघायला गेलं की आधी त्यांच्याकडे बघायचं. नारळ पुढे केला तेव्हा मी म्हणाले, "आमी फोडत न्हाई."

तात्याराव म्हणाले, "मग भाजीत घाला, माय."

मग त्यांनी भाषण केलं. मुंबईला किती खेपा घातल्या, कोणाकोणाला फोन लावले, साहेबांनी कसं 'तात्या, तुझ्यासाठी करतो' म्हटलं. रेणुका त्यांच्या शेजारी उभी होती. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." ती हसली. दत्तराव नावाचा एक वार्ताहर आहे, त्याने ते सगळं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आणलं, मोबाईलवरच्या बातम्यांतही घातलं.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. विद्यापीठातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणून माळवदावर पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. आधी मातीवर बोलणं झालं. रेणुका असं बोलली की मला त्यातलं काही कळलं नाही आणि तरी सगळं पटलं. मग एका बाईंचा आवाज आला. आवाज गोड होता.

"शासनाची शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल अभिनंदन. मग आमच्याकडे कशाला आलात?"

रेणुका म्हणाली, मिळालेली नाही.

"ही बातमी आमच्यासमोर आहे."

"मॅडम, ती बातमी चुकीची आहे."

"सत्काराचा फोटोही चुकीचा आहे का? तुम्ही त्यात हसताय."

बाई म्हणाल्या, आमच्याकडे एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं, त्यामुळे आम्हाला खात्री लागते. ज्यांनी हे जाहीर केलं त्यांनीच ते जाहीरपणे मागे घेतलं तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबू.

रेणुकाने लॅपटॉप मिटला. रडली नाही. नुसती म्हणाली, "आजी, मी कामून हसले गं?"

भूषणने डोक्याला हात लावला. मी म्हणाले, "डोकं धरून काय व्हतंय? पाय उचल."

आम्ही आधी दत्तरावाकडे गेलो. तो चहा पीत होता. म्हणाला, "बातमी तात्यांनी पाठवली, आमी छापली. खुलासा छापायचा तर तात्यांनी पाठवावा."

मी म्हणाले, "पण तुमी चौकशी केलती का?"

"माय, सत्काराच्या बातमीची कुठं चौकशी असती का?"

म्हणजे मयताची असते, चोरीची असते, सत्काराची नसते. बरं.

तिथून तात्यारावांच्या बंगल्यावर. पोर्चमध्ये बसवलं. ते आतून आले तेव्हा केसांना रंग लावलेला होता आणि गळ्यात टॉवेल. रेणुकाने सगळं नीट सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुढारी ऐकतात तसं.

"पोरी, त्या पुण्याच्या लोकायला काय कळतंय? मी वर बोललोय. शासनाचीच मिळंल तुला."

"यादी लागली, तात्या. माझं नाव न्हाई त्यात."

"दुसरी यादी लागंल."

"दुसरी नसती. तुम्ही फक्त एवढं सांगा की ती बातमी चुकीची होती."

त्यांनी डोळे उघडले. "असं कसं सांगू? तोंडावर निवडणूक हाय. मी पाठपुरावा केला म्हणून सांगितलंय गावात. आता न्हाई म्हटलं तर लोकं काय म्हणतील? आन सत्कार माघारी घेतल्याचं कधी ऐकलंय का, माय? दिलेली शाल माघारी घेत नसतात."

मी विचारलं, "घेत नसतात?"

"न्हाई. वाटलं तर अजून एक घालतो पोरीला. रविवारी माझा वाढदिवस हाय, या सगळे. जेवण हाय."

भूषण हात जोडून म्हणाला, "येतो, तात्या." मला त्या वेळी दोघांचीही कीव आली नाही. पण शाल माघारी घेत नसतात, हे वाक्य माझ्या डोक्यात गोचिडासारखं चिकटलं.

तात्यारावांच्या वाढदिवसाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी तलवारीने केक कापतात. मग पंचक्रोशीतली माणसं शाली घेऊन रांगेत उभी राहतात आणि एकेक जण स्टेजवर जाऊन त्यांना शाल घालतो, हातात माईक घेतो, दोन शब्द बोलतो. ज्याच्या हातात शाल आहे त्याला कोणी अडवत नाही. आणि हे सगळं तात्यारावांची पोरं त्यांच्या फेसबुकवर लाईव्ह दाखवत असतात, परदेशातून कोणी बघत असल्यासारखं.

रविवारी मी पिशवी भरली. शाल, फेटा, घड्याळ. नारळ कडूबाईने भाजीत घातला होता, म्हणून दुकानातून नवा आणला. रेणुकाला म्हणाले, तू माळवदावर बस आणि तात्यारावचं ते लाईव्ह फोनात भरून ठेव.

ती म्हणाली, "आजी, काय करणार हायस?"

"सत्कार."

रांगेत माझ्या पुढे वाळूवाला होता. त्याने माईकवर तात्यारावांना सूर्य म्हटलं. मागे सोसायटीचा चेअरमन होता, तो समुद्र म्हणणार असं पाठ करत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी पुकारलं, "आता आपल्या वस्तीतील ज्येष्ठ माता सरजामाय तात्यांना आशीर्वाद देणार आहेत. जोरदार टाळ्या!"

मी वर गेले. शाल घातली. तात्याराव वाकले, फोटोसाठी तसेच थांबले. शाली सगळ्या एकाच दुकानातल्या, त्यांना काय कळणार? मग मी फेटा हातात दिला. मग नारळ. मग घड्याळ काढलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा चेहरा ओळखला.

मी माईक घेतला. "तात्याराव, ही शाल वळखली का?"

"माया हाय तुमची, माय," ते हसत म्हणाले.

"माझी न्हाई, तुमचीच हाय. माझ्या नातीला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तुमी घातलती. कोणती मिळाली, तेवढं सांगा."

त्यांनी माईकवर हात ठेवायला बघितलं. "माय, कार्यक्रम झाल्यावर बसू."

"बसायचं कशाला? सगळे इथंच हायेत. मिळाली असंल तर नाव सांगा, मी आत्ता तुमच्या पाया पडते आन उद्या पोरीला इमानात बसवते. न्हाई मिळाली तर न्हाई म्हणा."

मंडपात चुळबूळ झाली. बायकांतून कडूबाई ओरडली, "सांगा की तात्या! आमी बी टाळ्या वाजवल्यात!"

"मी वर बोललोय, माय. मिळंल."

"मिळंल का मिळाली?"

"प्रक्रिया चालू हाय."

"तात्याराव, शेळी व्याली का न्हाई, असं विचारलं तर प्रक्रिया चालू हाय म्हणत नसतात. मिळाली का?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. त्यांच्या कपाळावर काळा रंग उतरायला लागला होता. त्यांनी रुमालाने तो पुसला आणि हळूच, पण माईकवरच, बोलले, "आज रोजी न्हाई मिळाली. पण..."

"झालं," मी म्हणाले आणि माईक गुरुजींच्या हातात दिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळून वाजवल्या असं मी म्हणणार नाही. स्टेजवरून कोणी उतरलं की वाजवायच्या, ही सवय. गुरुजींनीही सवयीने म्हटलं, "किती हृदयस्पर्शी मनोगत!" आणि चेअरमनला बोलावलं. तो समुद्र विसरला.

तात्यारावांच्या पोरांनी ते लाईव्ह जेवणाची पंगत उठायच्या आत काढून टाकलं, पण रेणुकाच्या फोनात ते आलं होतं. तिने ते पुण्याला पाठवलं. भूषण मात्र घाबरला होता. "माय, आता तात्यानं आपल्या वस्तीचा रस्ता अडवला तर?"

"आधी रस्ता हाय का, ते बघून ये."

तो बघायला गेला नाही. चिखल त्याला ठाऊक होता.

संस्थेच्या त्या बाईंचा फोन आठवड्याने आला. आवाज तसाच गोड. म्हणाल्या, आजींचं बोलणं आम्ही सगळ्यांनी पाहिलं, आमची खात्री पटली, रेणुकाची निवड झाली. रेणुका मला बिलगून रडली, तेव्हा कुठे रडली. मला आनंद झाला, पण एक गोष्ट मला आजही पचलेली नाही. पोरीने खरं सांगितलं तर त्यांना पटलं नाही, आणि तात्यारावाने रंग गाळत सांगितलं तर पटलं. शिकलेल्या माणसांनासुद्धा खरं पुढाऱ्याच्याच तोंडून लागतं. मदत घ्यावी लागते म्हणून घेतली. नमस्कार रेणुकाने केला, मी नाही.

मी घरात ताकीद दिली, पोरगी तिथे पोहोचेपर्यंत एक शब्द बाहेर जाता कामा नये. माझी सगळी धास्ती भूषणची होती. इतकी मोठी गोष्ट पोटात घेऊन त्याला हॉटेलसमोरून जावं लागत होतं. तो लांबच्या रस्त्याने जायला लागला.

निघायच्या दिवशी आम्ही परभणी स्टेशनवर सकाळच्या मुंबई गाडीची वाट बघत होतो. रेणुकाच्या हातात बॅग होती, नवी आणि मोठी. आणि समोरून दत्तराव आला, वार्ताहर. त्याने बॅग बघितली, रेणुकाला बघितलं, आणि त्याचे डोळे लकाकले.

"काय बुद्धभूषण, कुठं निघाली स्वारी?"

भूषणने मान वर केली. मला वाटलं, गेलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो प्रश्न त्याला भर प्लॅटफॉर्मवर, चार लोकांत विचारला होता. त्याचे ओठ हलले. त्याने लेकीकडे बघितलं.

"सेलूला," तो म्हणाला. "मावशीकडं."

"एवढी मोठी बॅग घेऊन?"

"मावशी लय दिवसाची बोलवायलीय. ऱ्हाईल थोडे दिवस."

"हॉलंडचं काय झालं मग?"

"काय व्हतंय? न्हाई जमलं."

दत्तरावाने तोंड वाकडं केलं, जसं काही त्याचंच नुकसान झालं. "म्हणजे बातमी न्हाई काही."

"न्हाई," माझा मुलगा म्हणाला. "काहीच बातमी न्हाई."

दत्तराव गेला. गाडी आली. भूषणने बॅग स्वतः उचलून आत ठेवली आणि खाली उतरला तेव्हा त्याच्या अंगात इतका ताठा होता की फेटा बांधूनही तेवढा आला नव्हता.